मामाचं वय

लिया १७ वर्षांची, टॉम ३४ वर्षांचा. बरोबर दुप्पट. जेमी डॅक या अमेरिकन दिग्दर्शिकेच्या 'पाम ट्रीज अँड पॉवर लाइन्स' या चित्रपटात हे गणित कुणी फळ्यावर मांडत नाही. लियाला ते दिसतं आणि ती ते बाजूला सारते. थोड्या वेळाने आपणही सारतो. उन्हाळ्याची सुट्टी चालू आहे. कॅलिफोर्नियातलं रटाळ उपनगर, रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा, अंगणात उन्हात पडून राहणं, मैत्रिणीशी तेच ते बोलणं, पोरांचे तेच ते पाचकळ विनोद. बाप घरात नाही. आई आहे, पण ती आपल्याच जुळणाऱ्या-तुटणाऱ्या प्रेमप्रकरणांत गुंतलेली. एका रात्री हे टोळकं हॉटेलात खाऊन पैसे न देता पळतं, लिया मागे राहते आणि सापडते. टॉम मध्ये पडून तिला सोडवतो. मग ती घरी चालत निघते तेव्हा त्याची गाडी तिच्या शेजारून, तिच्याच चालीने, सावकाश येऊ लागते.

पुढे बराच वेळ टॉम वाईट म्हणावं असं काहीच करत नाही. धडकी भरवणारं संगीत नाही, अंधारे कोपरे नाहीत. तो प्रश्न विचारतो. तुला काय आवडतं, पुढे काय करायचंय, घरी कसं वाटतं. आणि उत्तर ऐकतो, तिचं वाक्य मध्येच तोडत नाही. मग हळूच, जाता जाता, सांगतो की ती मित्रमंडळी काही तुझ्या लायकीची नाहीत. तुला वयाच्या मानाने फार समजतं. आईला तू कळतच नाहीस. तिच्याभोवतीचं एकेक माणूस तो असं उठवून लावतो आणि दर वेळी तिला वाटतं की आपली किंमत वाढली. तो मोटेलच्या खोलीत राहतो हे कळतं तेव्हा स्पष्टीकरण त्याला द्यावं लागत नाही, ते तिच्याचकडे तयार असतं. एके दिवशी एका हॉटेलच्या खोलीत तो तिला ठेवून निघून जातो आणि अनोळखी गिऱ्हाईक आत येतं. आपण जे इतका वेळ प्रेमप्रकरण म्हणून बघत होतो तो धंद्याचा भाग होता, हे तेव्हा उघडं पडतं. २०२२ च्या सनडान्स महोत्सवात डॅकला या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. लियाचं काम करणाऱ्या लिली मॅकइनर्नीचा हा पहिलाच मोठा चित्रपट. तिचा चेहरा पडद्यावर बऱ्याचदा काहीच करत नाही, नुसता ऐकून घेत असतो.

हे सगळं मी पाहिलं ते मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात, मे महिन्यात, दारं-खिडक्या लावून. या दिवसांत इथला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली उतरायचं नाव घेत नाही. बाहेर पावरलूमची खटखट, केळीच्या गाड्यांचे भोंगे, आणि वीज गेली की एकाएकी पसरणारी ती शांतता, जिच्यात शेजारच्या घरातली भांडणं स्वच्छ ऐकू येतात. कॅलिफोर्निया कुठे आणि तापीकाठ कुठे. तरी लियाची दुपार मला ओळखीची वाटली. सुट्टीतल्या दुपारी या वयाच्या पोरीला करायला काही नसतं हे जगभर सारखंच असावं. फरक एवढाच की आमच्याकडे 'करायला काही नाही' असं म्हटलं की लगेच कुणीतरी काम लावतं.

आमच्या गल्लीतलंच एक घर घ्या. पुढच्या खोलीत लूम, मागच्या खोलीत चूल, वर पत्रा. आई आणि थोरली पोरगी कांड्या भरतात, बापाची रात्रपाळी, धाकटे दोघं रस्त्यावर. घरात आठ माणसं. एकटं असायला इथे जागाच नाही, असं कुणीही म्हणेल. पण त्या पोरीला दिवसभरात कोण काय विचारतं ते एकदा कान देऊन ऐकावं. नळाला पाणी आलं का? कणीक मळलीस का? भाऊ कुठे गेला? ओढणी कुठंय? इतक्या वेळ छतावर काय करत होतीस? एकही प्रश्न तिच्याविषयी नाही. सगळे कामाचे, नाहीतर पहाऱ्याचे. अशा पोरीला कुणी नुसतं विचारलं, 'आज तू अशी गप्प का?' तर तिचं काय होत असेल याचा अंदाज बांधायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. तिच्या नावावर वेगळा मोबाइल नसतो. काच फुटलेला एकच फोन घरात फिरत असतो आणि रात्री अकरा ते साडेअकरा तो तिच्या वाट्याला येतो. टॉमला तेवढा अर्धा तास पुरतो.

बुऱ्हाणपूरला प्रेमकथेचं तसं वावडं नाही, गावाचं निम्मं पर्यटन तिच्यावर चालतं. शाही किल्ल्यातला गाइड तुम्हाला हमामखान्यात नेतो, छतावरची रंगीत नक्षी दाखवतो आणि सांगतो की मुमताज महल याच किल्ल्यात १६३१ मध्ये गेली, आधी तिला नदीपलीकडच्या आहुखान्यात पुरलं होतं, ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा. ती चौदाव्या बाळंतपणात गेली हेही सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज हळवा होतो, जणू चौदा हा आकडा बादशहाच्या प्रेमाचं माप आहे. अडतीस वर्षांच्या आयुष्यात चौदा बाळंतपणं, हे ऐकून पर्यटकांतली एखादी बाई दुसरीकडे बघते, पण विचारत कुणी नाही. मुमताजची आणि शहाजहानची गाठ बांधली गेली तेव्हा दोघंही पोरसवदा होती, त्यामुळे ती गोष्ट वेगळी, आणि सतराव्या शतकाला आजची फूटपट्टी लावत बसण्यात अर्थ नाही. मी गाइडकडे बोट दाखवते आहे ते त्याच्या आवाजासाठी. 'प्रेम' म्हटलं की आपण पुढचं काही विचारत नाही. टॉमलाही हे ठाऊक आहे. लियाला तो धमकावत नाही, कोंडत नाही, आधी तो एक प्रेमकथा उभी करतो आणि मग ती कथा मोडायची नाही म्हणून लियाच सगळं सहन करते.

आपल्याकडे या विषयावर चित्रपट झालाच नाही असं नाही. श्लोक शर्मांचा 'हरामखोर' तर मध्य प्रदेशातल्याच एका छोट्या गावात घडतो, चित्रीकरण मात्र गुजरातेत, सोळा दिवसांत उरकलेलं. शाळकरी संध्या, तिची आई सोडून गेलेली, बाप पोलिसात आणि बाटलीत. आणि शिकवणी घेणारे श्याम सर, म्हणजे नवाझुद्दीन सिद्दीकी. श्वेता त्रिपाठीने संध्या केली आहे आणि तिच्या चालण्यातलं ते अर्धवट बाईपण, अर्धवट पोरपण बघताना पोटात कालवतं. न्यूयॉर्कच्या आणि मुंबईच्या महोत्सवांत चित्रपट गाजला, आणि इथे सेन्सॉर बोर्डाने तो अडवला. गुरू-शिष्येचं असलं नातं दाखवायचंच नाही. अपील न्यायाधिकरणाने तो सोडवला आणि १३ जानेवारी २०१७ ला तो लागला. ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये सरकारने मोडीत काढलं. महाराष्ट्रात आणखी एक कज्जा उभा राहिला होता, पोस्टरवर बालभारतीचं बोधचिन्ह वापरल्याचा. पुस्तक वाचणारी ती मुलगा-मुलगी आपण सगळ्यांनी पहिलीपासून पाहिलेली. त्यांचं चित्र असल्या चित्रपटावर नको, म्हणून माणसं कोर्टात गेली. चित्रातल्या मुलीच्या अब्रूची एवढी काळजी बघून मला हसावं की रडावं कळेना.

'हरामखोर' मला पुरता पटलेला नाही, हेही सांगून टाकते. संध्येवर भाळलेला कमल आणि त्याचा सल्लागार मिंटू या दोन पोरांच्या उचापतींत दिग्दर्शकाचा जीव जास्त रमला आहे. चित्रपटगृह हसतं, आणि त्या हशात सर सुटून जातात. पण एक पात्र मात्र डोक्यातून जात नाही. सरांची बायको, सुनीता. ती कधीकाळी सरांचीच विद्यार्थिनी होती. म्हणजे संध्येचं पुढे काय होऊ शकतं ते त्याच घरात, पदर खोचून, वावरतं आहे. तिला सगळं कळतं, कारण ती त्या बाकावर बसून आलेली आहे. तिच्यावर कुणी वेगळा चित्रपट काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

आमच्यासारख्या गावात पोरीला एकटीने जायची मुभा कुठे असते? शाळा, शिकवणी, देऊळ नाहीतर दर्गा, आणि मामाचं गाव. बाकी बाजारातसुद्धा कुणीतरी सोबत लागतं. म्हणजे घराबाहेरचा, रोज भेटणारा, एकान्तात बोललं तरी कुणाच्या भुवया न उंचावणारा पुरुष कोण, हे घरानेच ठरवून दिलेलं असतं. सर. महाराज. मामा. नाक्यावरच्या पोरावर अख्ख्या गल्लीची नजर असते, त्याने नुसतं सायकलची घंटी वाजवली तरी रात्रीपर्यंत घरी खबर पोचते. सरांना मात्र आपणच चहा विचारतो. 'तुमचं फार ऐकते हो ती, जरा तुम्हीच समजवा.' हे वाक्य मी किती आयांच्या तोंडून ऐकलं असेल.

या राज्याशी धागा जुळलेलं गाजलेलं प्रकरण आसाराम बापूचं. २०१३ मध्ये तक्रार करणारी मुलगी १६ वर्षांची होती, त्याच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकणारी. आईबाप भक्त. मुलीला बाधा झाली आहे, बापू उतरवतील, असं सांगून तिला जोधपूरजवळच्या आश्रमात आणवलं गेलं, आणि आणणारे हात आईबापांचे होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याला जन्मठेप झाली. २०२३ मध्ये आलेल्या 'सिर्फ एक बंदा काफी है' मध्ये या खटल्याची छाया आहे. मनोज वाजपेयी वकील झाला आहे आणि झकास झाला आहे, पण तो चित्रपट वकिलाचा. मला त्या खटल्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या बापाने त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलं होतं तो पोरीचं ऐकल्यावर उठला, पोलिसात गेला आणि पाच वर्षं तिच्या मागे उभा राहिला. साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले, तरी तो हलला नाही. घराने पोरीचं तोंड दाबलं नाही म्हणून तो माणूस आत गेला. एरवी काय होतं ते आम्हाला जळगावने दाखवलेलं आहे.

जळगाव आम्हाला शेजारचं. बुऱ्हाणपूरच्या निम्म्या सोयरिकी रावेर, सावदा, भुसावळ, जळगाव याच पट्ट्यात होतात. १९९४ मध्ये तिथलं मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण फुटलं तेव्हा मी कॉलेजात होते. मुलींशी ओळख वाढवायची, कुठे नोकरीचं, कुठे प्रेमाचं आमिष, मग फोटो, चित्रफिती, आणि त्या दाखवून पुन्हा पुन्हा बोलावणं. नगरसेवकांपर्यंत नावं गेली. मीरां चढ्ढा बोरवणकरांसारख्या अधिकारी तपासात होत्या, खास कोर्ट बसलं. पण तक्रार द्यायला समोर आलेल्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि बहुतेक खटले त्यामुळेच ढासळले. गाजलेल्या खटल्यात खाली झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकली नाही. पोरी का आल्या नाहीत हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. 'मुलगी जळगावची आहे' एवढं ऐकून स्थळं परत गेल्याच्या गोष्टी आमच्या ओट्यापर्यंत येत होत्या. ज्या मुलींचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचीही ही गत. मग जिचा होता तिने कोणत्या तोंडाने पोलिस ठाण्याची पायरी चढावी? आमच्या गावात तर गुन्हा घडलाही नव्हता, तरी माझ्या काही मैत्रिणींची कॉलेजं त्या वर्षी सुटली. त्यांच्या वडलांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले, पुरे झालं शिक्षण.

अशा माणसाच्या हातातलं खरं हत्यार मला यात दिसतं. फोटो नव्हे, धमकी नव्हे. पोरीला पक्कं ठाऊक असतं की आपण घरी सांगितलं तर पहिली शिक्षा आपल्याला होणार. फोन काढून घेतील, शाळा बंद करतील, दोन महिन्यांत कुठेतरी लग्न उरकतील. हे त्याला सांगावंही लागत नाही. आपण पोरींना धाक म्हणून जे जे बोलून ठेवतो ते सगळं त्याच्या कामी येतं. आपला पहारा त्याच्यासाठी राबतो.

आणि आता मामा.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक रंगायनने १९६७ मध्ये आणलं, अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनात. सुलभा देशपांडे बेणारे. सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये त्याचा चित्रपट केला, तोही सुलभाबाईंना घेऊन, गोविंद निहलानींच्या कॅमेऱ्याने, मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय. मराठीत 'स्वतंत्र' म्हणावा असा सिनेमा सुरू झाला त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. बेणारे म्हणजे अविवाहित गरोदर शिक्षिका, तिच्यावर लुटुपुटूचा खटला भरणारी ढोंगी माणसं, भ्रूणहत्येचा आरोप, आणि शेवटचं ते स्वगत. शाळा-कॉलेजांत, स्पर्धांत, अभिनयाच्या परीक्षांत पोरींनी ते स्वगत इतक्यांदा म्हटलं आहे की त्यातलं काही ऐकू येईनासं झालं आहे.

त्या स्वगतात आणि त्याआधीच्या साक्षीत बेणारेच्या पंधराव्या वर्षाची हकिकत आहे. सख्खा मामा. कडक शिस्तीच्या घरात तिच्या उमलण्याचं कौतुक करणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्यावर प्रेम करू लागला. हे पाप आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिने लग्नाचा हट्ट धरला, चारचौघांसारखा उघड संसार मागितला, तेव्हा घर उलटलं, आई उलटली, आणि तो शूर पुरुष शेपूट घालून पळाला. पोरीने जीव द्यायचा प्रयत्न केला. खेळातल्या कोर्टात हे सगळं बाहेर येतं तेव्हा ते बेणारेच्या विरोधातला पुरावा म्हणून येतं. बघा, हिचं चारित्र्य पंधराव्या वर्षापासूनच असं. मामाशी! अख्खं कोर्ट शहारतं, आणि त्या शहारण्यात पंधरा वर्षांची पोरगी आरोपी होते. प्राध्यापक दामल्यांचं निदान नाव तरी घेतलं जातं. मामाला नावही नाही. तो तेव्हा किती वर्षांचा होता हे कुणी विचारत नाही. तिशीचा? चाळिशीचा? सुखात्मे वकील विचारत नाहीत, काशीकर विचारत नाहीत, आणि इतकी वर्षं नाटक बघणारे आपणही विचारलेलं नाही. मराठी समीक्षेने बेणारेवर पानंच्या पानं लिहिली: स्त्रीचं शोषण, मध्यमवर्गाचा दांभिकपणा, कायद्याचं विडंबन. सगळं खरं. पण मी वाचलं त्यात मामावर ओळ-दोन ओळींहून जास्त फारसं सापडलं नाही. 'पहिलं अपयशी प्रेम' म्हणून तो निकालात निघतो.

तेंडुलकरांना मात्र सगळं दिसलेलं असावं, कारण त्यांनी एक फार अवघड गोष्ट करून ठेवली आहे. बेणारे स्वतःच त्याला प्रेम म्हणते. मोठी झाल्यावरही. तिला तो पळपुटा वाटतो, भ्याड वाटतो, पण आपल्याला फसवून घडवलं गेलं असं तिला वाटत नाही. चिडते ती तो टिकला नाही म्हणून, त्याने सुरुवातच का केली म्हणून नव्हे. आणि पुढे पुन्हा मोठ्या वयाचा, बायकापोरांचा, विद्वान पुरुषच तिच्या आयुष्यात येतो, ज्याच्या बुद्धीची ती पूजा करते. लिया आणि बेणारे यांच्यात पंचावन्न वर्षं आणि सात समुद्र आहेत, पण दोघींच्या बोलण्यात मला एकच गोष्ट ऐकू येते: त्याने मला पाहिलं. घरात इतकी माणसं होती, पण पाहिलं त्याने.

इंग्लंडच्या अँड्रिया अर्नोल्डचा 'फिश टँक' आला तो २००९ मध्ये. त्यातली १५ वर्षांची मिया एकटीच बंद खोलीत नाचत असते, आणि तू छान नाचतेस असं तिला पहिल्यांदा सांगणारा माणूस आईचा नवा मित्र असतो. तिथेही तेच. या बायका, डॅक काय किंवा अर्नोल्ड काय, कॅमेरा पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात आणि तिथून हलवत नाहीत. आपल्याला त्या पुरुषाची भुरळ पडू देतात. हे धाडस आहे, कारण असा चित्रपट बघून एखादा म्हणणारच की पोरगी स्वतःहूनच तर गेली. म्हणू दे. तो असं म्हणाला की निदान कळतं तरी आपण कुणाबरोबर बसून सिनेमा बघतोय.

कायद्यापुरतं बोलायचं तर पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची 'संमती' तो मानत नाही, मुलाचा पुन्हा पुन्हा, फोनवरूनसुद्धा, वाईट हेतूने पिच्छा पुरवणं हा गुन्हा ठरवतो, आणि गुन्हा माहीत असून गप्प बसणाऱ्यालाही धरतो. त्याआधी, २००७ मध्ये, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांची पाहणी केली होती. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणारे निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं, जास्तच होतं. मी इथे सगळं पोरींविषयीच लिहिते आहे, कारण मला तेवढंच जवळून माहीत आहे. लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराला कोण काय विचारतं, हे लिहिणारं कुणीतरी वेगळं हवं. कायद्याची एक गोची मात्र इथे रोज दिसते. सतराची पोरगी एकोणिसाच्या पोराबरोबर पळाली की घरचे धावत पॉक्सो लावतात. चाळिशीच्या सरांवर तो लावायची वेळ आली की तेच घर म्हणतं, जाऊ द्या, बदनामी होईल.

'पाम ट्रीज'मध्ये एक छोटा प्रसंग आहे. टॉम टेबलावरून उठून जातो, तेवढ्यात हॉटेलात वाढणारी बाई लियापाशी येते आणि हळू आवाजात विचारते, तू ठीक आहेस ना, काही मदत हवी आहे का. अनोळखी बाई, हातात गिऱ्हाइकाचं काम, मालकाची भीती असणारच. ती ओरडत नाही, पोलिस बोलावत नाही, 'तुझी आई कोण' असं विचारत नाही. नुसतं विचारते. लिया तिला झिडकारते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं विचारणं फुकट गेलं.

मग एका संध्याकाळी मी ही गोष्ट ओट्यावर सांगितली. शेजारच्या वहिनी कांड्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या, त्यांची अकरावीतली पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून. ती मला आत्या म्हणते. शेवट सांगितला, की लिया त्या खोलीतून पळते, सुटते, घरी येते, शाळा सुरू होते, आणि मग एके दिवशी स्वतःच टॉमला फोन लावते.

वहिनींच्या हातातली कांडी थांबली. ''काय बाई मूर्ख पोरगी! सुटली होती ना?''

पोरीने मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं, ''घरी सांगितलं होतं का तिनं, आत्या?''

''नाही.''

''मग कोणाला लावणार होती फोन?''

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. ''म्हंजे काय? आई नव्हती का तिला?''

''होती ना. आईनं काय केलं असतं पण? तुम्ही काय केलं असतं?''

''मी? मी त्याच्या तंगड्या तोडल्या असत्या.''

''आणि माझ्या?''

वहिनी हसल्या, मग हसू आवरलं. ''तुझ्या कशाला तोडीन?'' असं म्हणाल्या खऱ्या, पण जरा उशिराने. पोरगी म्हणाली, मागच्या वर्षी तिच्या वर्गातल्या एकीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. वहिनी म्हणाल्या, तिची गोष्ट वेगळी होती, तिने आधी खोटं सांगितलं होतं. पोरगी म्हणाली, खरं सांगितलं असतं तर शिकवणी चालू ठेवली असती का तिची? त्यावर वहिनींनी नळाला पाणी आलं का ते बघायला तिला आत पाठवलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून मला म्हणाली, ''त्या वाढणाऱ्या बाईनं परत विचारायला पाहिजे होतं. एकदा विचारलं की कोणीच हो म्हणत नाही.''

आतून तिचा आवाज आला, पाणी अजून आलेलं नाही. वहिनी टोपली सारखी करत मला म्हणाल्या, ''तुमचा तो सिनेमा दाखवा मला एकदा. हिंदीत आहे का?'' मी म्हटलं, नाही, पण मी शेजारी बसून सांगत जाईन. ''आणि हिला?'' त्यांनी विचारलं. ''हिला दाखवायचा का?'' मी दाखवायचा म्हटलं. वहिनींना ते पटलेलं नाही. आमचं अजून त्याच्यावर चालू आहे.